काकांच्याच मशीनवर थांबतो

सहा वर्षांत काकांना ऑफिसातून सलग चार दिवस रजा मिळाली नव्हती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! "माझ्यावाचून तिथं पान हलत नाही," असं ते घरी ऐकवायचे. काकू म्हणायच्या, "इथला पंखा मात्र तुम्ही असूनही हलत नाही."

भानगड साधी होती. प्रोग्रॅम कुठं चुकतोय ते बघायला, कोड लिहायच्या एडिटरमध्ये एखाद्या ओळीवर लाल ठिपका द्यायचा. प्रोग्रॅम तिथं थांबला की आत डोकावायचं. पण लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारं टूल त्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइलींचा पत्ता लिहून ठेवायचं, आणि तो पत्ता होता काकांच्या मशीनवरच्या फोल्डरचा. बाकीच्यांकडे ते फोल्डरच नाही, मग ठिपका जुळणार कसा? प्रोग्रॅम आपला सुसाट पुढं. म्हणून जो तो काकांच्या खुर्चीशी यायचा. "काका, जरा उठता?" काका उठायचे, पण आधी चष्मा पुसून, चहा संपवून आणि फक्त त्यांनाच ठाऊक असलेला पासवर्ड स्वतः टाकून. कुणी उपाय विचारलाच, तर म्हणायचे, "फार खोल आहे रे ते."

खोल कसलं डोंबल! दोन ओळींचं काम, आणि ते काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मग दूर राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली. "बाबा, आता तरी या. लग्न झाल्यापासून माझं घरही पाहिलं नाहीत तुम्ही," ती फोनवर रडली. काकांनी रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर प्रोग्रॅम थांबवायचा कुठं?" काकांना लेकीचं रडणं आठवलं. त्यांनी गुपचूप त्या दोन ओळी लिहिल्या: टूलनं पत्ता प्रोजेक्टच्या फोल्डरपासून लिहायचा, आणि एडिटरनं तो आपापल्या फोल्डरशी जुळवून घ्यायचा. दहा मिनिटांत सगळ्यांच्या मशीनवर प्रोग्रॅम ठिपक्यापाशी थांबायला लागला. टाळ्या पडल्या. आठ दिवसांची रजा मंजूर.

लेकीकडे काका नातीला मांडीवर घेऊन बसले खरे, पण नजर फोनवर. तीन दिवस तो मेला वाजेचना. चौथ्या दिवशी राहवेना, तेव्हा त्यांनीच साहेबांना लावला, लेकीनंही ऐकावं म्हणून स्पीकरवर.

"काही अडलंय का हो?"

"छे छे! मस्त चाललंय. तुम्ही दोन ओळी काय लिहिल्यात, सगळं मार्गी लागलं. खुशाल महिनाभर राहा की!"

काकांचा चेहरा पडला. लेक मात्र हरखली, आणि मग हळूच म्हणाली, "दोनच ओळी होत्या, बाबा? मग इतकी वर्षं का नाही आलात?"

काकांनी नातीचं दुपटं नीट केलं. ते नीटच होतं. त्यांनी ते पुन्हा नीट केलं.