माझा आयरिश साडू

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं एका आयरिश इंजिनिअरशी लग्न केलं, तेव्हा बुलढाण्याकडच्या उंद्रीजवळच्या आमच्या सासुरवाडीला रडारड झाली. मला मात्र आतून बरं वाटलं होतं. आता या घरात जावई म्हणून मिरवायला मी एकटाच, असा माझा अंदाज होता. अंदाज साफ चुकला, आणि ते माझ्या पोटात आजही दुखतं.

माझं असं की मी रांगत होतो तेव्हाच आई गेली, मागोमाग वडील. काकांच्या घरी वाढलो. तिथं पोटभर मिळालं, पण जवळ बसवून कुणी 'जेवलास का रे' म्हटलं नाही. पुढं मेहकरच्या शाळेत मराठीचा मास्तर झालो. स्थळ सांगून आलं तेव्हा कळलं, की मुलीला भाऊ नाही, दोघी बहिणीच आहेत. मी तिथल्या तिथं हो म्हणालो. लोकांना वाटलं, मास्तर मुलीवर भाळले. मुलगी चांगलीच होती, पण मला त्या घरचा मुलगा व्हायचं होतं. म्हातारपणी सासऱ्यांना आधार द्यावा, आणि वेळ येईल तेव्हा त्यांचं मडकंही आपणच धरावं, इथपर्यंत मी मनात ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंनी माझं काही कमी केलं नाही. एसटीतून उतरून घरी पोचलो की पाय धुवायला परात, बसायला पाट, पाटाभोवती रांगोळी. 'घ्या ना जी, जवाईबापू. लाजू नका.' पण हे सगळं दाराआडून. पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि आवाज असा की जणू कलेक्टर जेवायला आलेत. वऱ्हाडात जावयाचा मान मोठा, हे मलाही माहीत होतं. चार-दोन वर्षांत हे नवेपण ओसरेल आणि त्या मला अरे-तुरे करतील, अशी मी वाट बघत राहिलो.

तेवढ्यात हा आला. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्यात पाण्याची बोंब होती, आणि बोअरिंगचं यंत्र घेऊन काही परदेशी माणसं आली होती, त्यातला हा एक. पाइपाखाली हात सापडला म्हणून बुलढाण्याच्या दवाखान्यात गेला, तिथं माझी मेहुणी नर्स. हात बरा झाला तरी हा पट्टी बदलायला जातच राहिला. बाकीचे मायदेशी परतले. यानं लग्न केलं, चिखलीला पंप दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं आणि इथलाच झाला.

मराठी तो विहिरी खोदणाऱ्या मजुरांत शिकला होता. ते मराठी ऐकून माझ्यातल्या मास्तराच्या अंगावर काटा यायचा. बाजारात कुणी विचारलं, 'इंग्रज तर गेले, तू काऊन राह्यला?' की हा तापायचा. 'मी इंग्रज नाही बे! आमीबी त्याहिले हाकललं.' लोक खूश होऊन त्याला चहा पाजायचे. मी त्याच गावांत इतकी वर्षं शुद्ध बोलत होतो, मला कुणी कधी चहा पाजला नव्हता.

त्याला पहिली मुलगी झाली आणि सासरे विरघळले. त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात. आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. मी थोरला, तेव्हा पाय आधी माझे धुतले. पाटही उजवीकडचा मला दिला. मी समाधानानं मांडी घातली.

शेजारच्या पाटावर हा बसला, म्हणजे गुडघे हनुवटीपाशी घेऊन कसाबसा मावला. पहिला धोंडा तोंडात टाकला आणि इकडंतिकडं बघायला लागला. सासूबाई दिसेनात. हा ताट उचलून सरळ उठला आणि स्वयंपाकघरात गेला. भरल्या पाटावरून उठतात का? माझा घास हातातच राहिला. आतून त्याचा आवाज आला, 'माय, तू काऊन जेवत नाही? तू बी बस ना बे!'

सासूबाईंना 'बे'! बाईमाणसाला 'वो' म्हणतात, एवढंही याला कुणी शिकवलेलं नव्हतं. 'बे' म्हणायचं ते बरोबरीच्या गड्याला, तेही बांधावर. सासरे माझ्याकडं बघायला लागले. आता याची खरडपट्टी निघणार म्हणून मी कान टवकारले.

आणि सासूबाई हसल्या. त्या मोठ्यानं हसतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. पदर डोक्यावरून खाली आलेला मला दारातून दिसला, तरी थांबेनात. मग आवाज आला, 'बस रे बावा, बस. तुह्या बायकोनं तुले काहीच नाही शिकवलं काय?' आणि दोघं चुलीपुढं बसून जेवले. बाहेर मी आणि माझी रांगोळी.

त्या दिवसापासून तो 'तू' झाला आणि मी 'तुम्ही'च राहिलो. त्याला त्या रागवायच्या. 'चपला बाहेर काढ, किती डाव सांगू तुले?' हे कानावर पडलं की माझा तिळपापड व्हायचा. माझ्या चपलांबद्दल कुणी एक शब्द काढत नव्हतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मीही मन घट्ट करून माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई ताडकन उठून भिंतीला टेकल्या. 'अवो जवाईबापू! काही कमी पडलं काय जी? पोरीले हाक मारायची होती ना!' मी म्हटलं, 'मलाही तू म्हणा की.' त्यांनी तोंडावर पदर धरला. 'असं कसं म्हनू? तुमी थोरले जवाई.' मी ताट घेऊन पाटावर परत आलो, आणि वाढायला माझ्या बायकोला धाडण्यात आलं.

त्याच्यात खोट सापडली असती तर मी सुखी झालो असतो. सापडत नव्हती. दर रविवारी घरी मुलींना घेऊन भिंतीवरच्या क्रुसापुढं प्रार्थना करायचा, त्यांच्या वेण्या स्वतः घालायचा, आणि मग सायकलला पाने-पकडी अडकवून उंद्रीकडं. टेकडीच्या अंगाला एक जुनी विहीर होती. तिचं पाणी उतारानं पाइपातून गावात आणायचं त्यानं डोक्यात घेतलं. पाइप कुठून मागून आणले देव जाणे. चर खणायला गावकऱ्यांबरोबर स्वतः उतरला, उन्हानं मान लालभडक. नळाला पाणी आलं त्या दिवशी बायकांनी त्याला ओवाळलं. माझी बायको घरी येऊन म्हणाली, 'भाऊजींनी गावाचं कल्याण केलं हो.' मी म्हटलं, 'पाइपाचा उतार थोडा जास्तच ठेवलाय.' मला उतारातलं काही कळत नाही.

गावात कुणी गेलं तर हा खांदा द्यायला हजर, लग्न असलं तर पंक्तीत वाढायला हजर. सासऱ्यांना दम्याचा त्रास वाढला तेव्हा पाठ चोळायला हाच. मीही जायचो. मी गेलो की सासरे धडपडत उठून टोपी घालायचे आणि मला खुर्ची द्यायचे. आजारी माणसाला माझ्यामुळं उठून बसावं लागतं हे बघून मी लवकर निघायचो.

सासरे गेले ते ऐन उन्हाळ्यात. निरोप आला तसा मी मेहकरहून निघालो. अंगणात तिरडी बांधून होत आली होती. मी विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या धोतरानं पुढं येऊन उभा राहिलो. कुणी विचारायची वाट बघितली नाही. एवढ्याचसाठी मी या घरात आलो होतो.

गावातल्या एका वडीलधाऱ्यानं मला हातानं अडवलं. 'मास्तर, तुमी मांगं व्हा जी. जवायानं आग द्याची नसते.' मग भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, या पुतण्यानं धरावं का त्या. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि तिरडीची दोरी आवळत बसलेल्या माझ्या साडूकडं बोट दाखवलं. 'त्याले द्या.'

'माय, तोबी जवाईच हाय ना,' वडीलधारा म्हणाला.

'जवाई ते हायेत,' सासूबाईंनी माझ्याकडं बघून पदर सारखा केला. 'हा तर माहा पोरगा हाय.'

कुणीतरी धर्माचा विषय काढला. त्यावर चर खणायला उतरलेल्यांपैकी एक जण म्हणाला, 'साऱ्या गावाले यानं पानी पाजलं. मंग म्हाताऱ्याले याच्या हातचं पानी काऊन चालत नाही?' कुजबुज थांबली. त्यानं मडकं धरलं. मी प्रेतामागं पाहुण्यांत चाललो.

त्यानं डोकं भादरून घेतलं, सगळे दिवस पाळले, घोंगडीवर झोपला. तेरवीला नवीनच पेच पडला. आमच्याकडं ज्यानं आग दिली त्याला त्याच्या सासरची माणसं नवी टोपी घालतात आणि खांद्यावर दुपट्टा टाकतात, मग दुखवटा फिटतो. याचं सासर हेच घर. सुतकातल्या माणसानं सुतकातल्याला टोपी कशी घालायची? पंगत खोळंबली. शेवटी सासूबाईच दाराआडून बोलल्या.

'जवाईबापू, तुमी घाला जी. घरात पाहुणे तेवढे तुमीच.'

मी टोपी हातात घेतली. उन्हानं सोललेल्या त्या लाल टकलावर ती नीट बसेना, म्हणून दोन्ही हातांनी दाबून बसवली. दुपट्टा खांद्यावर टाकला. रडून त्याचे डोळे सुजले होते. बाप गेलेल्या माणसासारखा तो दिसत होता. मग घरचा मुलगा जावयाला करतो तसा त्यानं वाकून मला नमस्कार केला. कुणी शिकवलं होतं कोण जाणे, या वेळी काही चुकलं नाही.

मी आशीर्वाद दिला. सासूबाईंनी आतून माझ्यासाठी पाट मांडायला सांगितला आणि त्याला म्हणाल्या, 'तू ये रे, आत बस.' तो आत गेला. मी पाटावर बसलो. त्याचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता, आणि तो अजून कमी झालेला नाही.