सिक्कीमची ऑर्किडं आणि गोरेगावची थंडी

"पाणी जास्त झालं असेल, काका," मी म्हणाले.

म्हणताना मी ऑर्किडचं पान बोटांनी दाबून पाहत होते. पानावर काळपट, ओलसर डाग होते. दाबलं की पाणी सुटत होतं. पटले काका मफलर गुंडाळून समोर उभे होते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या गावातले धानाचे शेतकरी, वयानं माझ्या वडिलांएवढे.

"देलं असन जी," ते म्हणाले. "मले समजलं नाई. माह्या हाताले यशच नाई."

पाण्याचं मी अंदाजानं बोलले होते. खरं तर बोलले कारण काहीतरी बोलणं भाग होतं. गोंदियात माझी नर्सरी आहे, लोकांच्या घरी जाऊन बागाही लावून देते. गिऱ्हाइकानं "काय झालं?" विचारलं की उत्तर तयार लागतं. आणि 'पाणी' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं उत्तर आहे. पाणी घालणारी मी नसते.

ही झाडं त्यांच्या मुलीनं, सरितानं, सिक्कीमहून पाठवली होती. ती तिकडे औषधाच्या कंपनीत नोकरीला होती आणि तिकडच्याच मुलाशी तिनं लग्न केलं होतं. तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नव्हते. दिवाळीच्या आधी गावचा कोणी तिकडून येत होता, त्याच्या हाती तिनं चार ऑर्किडं दिली. नाव नाही, चिठ्ठी नाही. काकूंना वाटलं, आता हे खोकं अंगणातच पडून राहणार. पण काकांनी ते उचलून आत आणलं, आणि काकूंनी मला बोलावणं धाडलं.

"येत्या उन्हाळ्यात पोरगी-जावई येऊन राहिले मॅडम, पहिल्यांदाच," काकू फाटकातच हळू आवाजात म्हणाल्या होत्या. "तवापर्यंत झाडं जगली पायजे. ह्यायच्यासमोर मात्र तिचं नाव काढू नका."

अनोळखी ऑर्किड हातात आलं की विचारायचं काय, हे मला शिकवलेलं आहे. ऑर्किडांचे ढोबळमानानं तीन गट पडतात: उबेत वाढणारी, मध्यम हवेतली आणि थंडीतली. हे ठरतं मुख्यतः रात्रीवरून. झाडाच्या मूळ गावी रात्र किती थंड होते, तेवढी रात्र त्याला घरात मिळाली पाहिजे. नाव माहीत नसलं तरी चालतं, गाव माहीत हवं.

आणि मी गाव विचारलंच नाही. सिक्कीम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बर्फ आला. पानं जाड होती, मुळं बोरूएवढी. उबेतल्या ऑर्किडांची ही लक्षणं आहेत, ती मला दिसलीही होती. पण विचारायचं म्हणजे सरिताचं नाव निघणार, कोण त्या भानगडीत पडेल?

शिवाय आम्हा इकडच्या लोकांना झाड म्हटलं की मे महिनाच आठवतो. आमचं सगळं डोकं सावली, ओलं पोतं आणि कूलर यांतच चालतं. घरामागे बोडी होती, म्हणजे शेतातलं लहानसं तळं. त्या बाजूचा व्हरांडा घरातली सगळ्यात गार जागा. त्या पहिल्या भेटीत मी म्हटलं, झाडं इथंच ठेवा. काकांनी स्वतः सागाच्या फळ्या ठोकून मांडणी केली. मी त्यावर थर्मामीटर लावलं आणि ऐटीत सांगितलं, "थंडीची काळजी करू नका, काका. थंडी तर यांच्या माहेरचीच आहे."

माहेर हा शब्द त्या घरात नको होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, काकांनी बोडीकडे.

जानेवारीत आता त्याच मांडणीसमोर मी उभी होते. बोडीवरून बोचरा वारा येत होता. मी लावलेलं थर्मामीटर किमान-कमाल जातीचं होतं. रात्री पारा सगळ्यात खाली कुठवर गेला, त्याची खूण त्यात राहते. खूण नऊवर होती. जाड पानांच्या झाडाला एवढी थंडी सोसत नाही.

मला फार लाज वाटली. चुकीची वाटलीच. पण त्याहून जास्त वाटली ती त्या माणसाला गपचूप मान खाली घालायला लावल्याची. मुलीचं नाव न काढता रोज तिच्या झाडांना पाणी घालणारा माणूस, आणि त्यालाच मी पाण्याचा दोष दिला होता.

"काका, पाण्याचं नाही," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. ही जागा मी दाखवली. थंडीनं झालंय."

"थंडीनं? ते त थंडीतलेच होते न जी?"

"ते मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. विचारायला पाहिजे होतं."

"कोणाले?"

आता सांगणं भाग होतं. "सरिताला."

दारात बसून धान पाखडणाऱ्या काकूंचं सूप थांबलं. काकांनी ते डागाळलेलं पान बोटानं पुसलं. मग काकूंना म्हणाले, "लाव फोन."

काकूंनी लावला. "आण इकडं," ते म्हणाले. "तुले समजन नाई झाडाचं."

फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून "आई?" ऐकू आलं.

"मी बोलून राहिलो."

पलीकडून काही यायच्या आत काकांनी विचारलं.

"तुमच्याकडं रातीले थंडी किती पडते? झाडासाठी विचारून राहिलो."

"बाबा..." मग ती सावरली असावी. "जास्त नाई पडत जी. आमी खाली, नदीच्या काठी राहतो. उन्हाळ्यात पंखा लागते. वर डोंगरावर असते बर्फ, इकडं नाई."

"मंग पीक काय होते तिकडं?"

"इकडं बी धानच होते, बाबा."

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "मी समजून राहिलो होतो, पोरगी बर्फात राहून राहिली," ते म्हणाले. "कदी विचारलंच नाई."

मी मान वर करू शकले नाही. मीही तेच समजले होते, आणि माझा तर तो धंदा होता.

चारांतली दोन झाडं गेली. उरलेली दोन आम्ही आतल्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी नेली. तिथं काकांची खाट होती, ती त्यांनीच सरकवली. मे महिन्यात तोच बोडीकडचा व्हरांडा त्यांना बरोबर मानवला. सरिता आली तेव्हा एकाला फुलांचा घोस लटकला होता. काकूंनी मला जेवायला बोलावलं. काकांनी जावयाला मांडणी दाखवली आणि सांगितलं, "जागा मॅडमनं काढून देली." मी ताटाकडे पाहत भात कालवत राहिले.

आता कोणी अनोळखी ऑर्किड घेऊन आलं की मी पानं नंतर पाहते. आधी विचारते, हे ज्यानं दिलं, त्याच्याशी तुमचं बोलणं आहे ना?