देऊळघाटचा आडवा गहू

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळात, मी अकोल्याला राहून गावोगाव खतांचा प्रचार करत असे. देऊळघाटच्या काशीबाईंनी माझं व्याख्यान ऐकून गव्हासाठी पांढरं खत, म्हणजे अमोनियम सल्फेट, नेलं होतं. माघात त्यांचा निरोप आला, “गहू पाहाले या.” आमचे साहेबही फोटोग्राफर घेऊन यायचे होते. कौतुक होणार असेल तिथं माणसानं आदल्या दिवशीच पोहोचावं, म्हणून मी निघालो.

बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरून सर्व्हिस मोटार धरायची. पुढची जागा मिळाली तर चार आणे जास्त द्या. मागं बसलात तर राजूरचा घाट दिसत नाही, नुसता कमरेला कळतो. बुलढाण्याहून देऊळघाटला बैलगाडी. उतरताच काशीबाईंनी वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे वाढले, वर तुपाची धार.

काशीबाई विधवा. वावर स्वतः कसत होत्या, आणि पीक फसलं की वावर आपल्याकडं घ्यायला त्यांचे दीर नामदेवराव टपलेले होते.

निम्म्या वावरात शेणखताचा गहू होता, बरा होता. उरलेल्या निम्म्यात मात्र छातीएवढा, काळपट हिरवा. मी फुगलो. शेजारच्या मळ्याचे उस्मानभाई म्हणाले, “गहू जोरदार हाय, पण इतका उंच काऊन होऊन राह्यला?”

काशीबाई हसल्या. “सगळ्या वावराचं खत म्या अर्ध्यातच टाकलं. तुमीच म्हणत होते ना, जादू हाय म्हणून?”

व्याख्यान फार प्रभावी झालं होतं. गव्हाला ‘आता पुरे, वाढू नकोस’ असं सांगणारं औषध तेव्हा विलायतेतही कुणी विकत नव्हतं.

संध्याकाळी वारा सुटला, पाठोपाठ पाऊस. सकाळी शेणखताचा गहू उभा होता आणि माझा चटईसारखा आडवा पडलेला. ओंब्यांत दाणा अजून दुधात होता. काशीबाई बांधावर खाली बसल्या.

नामदेवराव हजर झालेच. “वहिनी, सोड आता वावर. बायांचं काम नाही हे.”

“माहं वावर हाय,” त्या उठत म्हणाल्या. “पाडलं म्या, उभं बी मीच करीन.”

उस्मानभाई घरातली माणसं घेऊन आले. चार-चार ताटं एकत्र बांधून आम्ही जुड्या उभ्या करू लागलो. माझं धोतर चिखलानं भरलं. तेवढ्यात साहेबांची मोटार आली. त्यांनी दोन्ही बाजूंकडं पाहिलं आणि फोटोग्राफरला शेणखताच्या गव्हापुढं उभं केलं. “बाईंना मध्ये घ्या. खाली लिहा, पांढऱ्या खताचा चमत्कार.”

“साहेब, पांढऱ्या खताचा गहू तो. पडलेला,” मी म्हणालो.

“मला दिसतंय,” साहेब म्हणाले. “पडलेल्या गव्हाचा फोटो पाहून खत कोण घेईल?”

काशीबाई मधूनच बाजूला झाल्या. “मंग मी नाही उभी राहत. लोक फोटो पाहून माह्यासारखंच वतून बसतील.”

साहेबांनी त्यांच्याशिवाय फोटो काढला. परतताना मला मोटारीत जागा नव्हती. उस्मानभाईंच्या गाडीतून बुलढाण्याला आलो. त्यांनी वाटेत हरभऱ्याचे घाटे दिले, सोबतीला एक वाक्य: “साहेब उभ्या गव्हाचे मित्र हायत.”

सुगीनंतर उस्मानभाई कामानिमित्त अकोल्याला आले. पडलेल्या गव्हाचा दाणा बारीक भरला होता, पण जुड्यांमुळं बराच वाचला. वावर काशीबाईंकडंच राहिलं. त्यांनी दोन पुरचुंड्या पाठवल्या होत्या, एकीत शेणखताचा गहू, दुसरीत पांढऱ्या खताचा. कचेरीतून आल्यावर तोलून पाहायचं मी ठरवलं, पण परतलो तोवर बायकोनं दोन्ही गहू एकत्र दळून आणले होते.

देऊळघाटला गेलात तर रोडगे जरूर खा. फोटो काढायचाच असेल, तर गहू कशावर आलाय ते आधी काशीबाईंना विचारा. मी त्या संध्याकाळी चार पोळ्या खाल्ल्या. कुठल्या खतानं उत्पन्न वाढतं हे काही कळलं नाही, पण पोळ्या सगळ्या फुगल्या होत्या.