उलटं घड्याळ
दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर त्यांचं मनगटी घड्याळ मी लंडनला आणलं. पट्ट्याला अजून त्यांच्या घामाचा वास आहे. इथली वेळ बघायला दादा घड्याळ उलटं धरायचे, साडेपाच तासांचा फरक बरोबर निघायचा. गावाकडं, सास्तूरला संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इथं दुपारचा एक, माझी जेवणाची सुट्टी. रेंजसाठी स्लॅबवर चढून ते फोन लावायचे. एका मार्चअखेरीस इथली घड्याळं तासभर पुढं सरकली आणि मी सांगायचं विसरलो. आठवडाभर त्यांचा फोन इथल्या दोनला, सुट्टी संपल्यावर, कामावरच्या माझ्या बंद खणात वाजला. रविवारी म्हणाले, “घड्याळ नीट उलटंच धरतूय रं, तरी तू घावंना.” आज थंडीत, दुपारी एकला, इथल्या वेळेला लावलेलं ते घड्याळ मीही नीट उलटं धरलं. गावाकडचे साडेसहा दिसले. तरी दादा घावंनात.