व्हरलीनची टोपी

दर मे महिन्यात कम्युनिटी कॉलेजच्या पदवीदानात हॉलिस टॅकेट तेच भाषण ठोकायचा. "मी शिकलो तो कुणाच्याही मदतीशिवाय. एकट्याने!" केंटकीच्या त्या डोंगराळ गावात लोकांना असलं ऐकायला फार आवडतं. ते टाळ्या वाजवायचे आणि घरी गावच्या रेडिओवर ते ऐकत बसलेली व्हरलीन दातओठ खायची.

कारण तो शिकत होता तेव्हा त्याची बायको ती होती. ती इस्पितळाच्या लाँड्रीत रक्ताने भरलेल्या चादरी धूत होती, म्हणून साहेब पुस्तकं उघडून बसू शकत होते. पदवी हातात पडली आणि म्हणाला, "व्हरलीन, तुझ्याशी बोलण्यासारखं आता काही उरलेलं नाही." मग विम्याचं ऑफिस, दुसरं लग्न, आणि थेट कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर. मंडळातर्फे पदवीधरांशी स्टेजवर हात मिळवण्याचा मानही त्याचाच.

व्हरलीनने पन्नाशीनंतर कॉलेजात नाव घातलं ते विद्येच्या ओढीने नव्हे. तिला सूड घ्यायचा होता, आणि त्यासाठी त्या स्टेजवर चढायचं होतं. तिने जनरल स्टडीजची पदवी निवडली. लाँड्रीची पाळी सांभाळून जमेल तो तास घ्यायचा: थोडा इतिहास, थोडं जीवशास्त्र, एकदा तर मातीची भांडीसुद्धा.

"म्हणजे कशातलंच धड काही नाही!" बहीण जुनीटा म्हणाली.

"मला कुठे धड काही हवंय? मला ते स्टेज हवंय."

सगळं झालं, पण बीजगणित सुटेना. दोनदा नापास. त्यातच बातमी आली की हॉलिसची मंडळावरची मुदत या मे महिन्यात संपतेय. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"मिस व्हरलीन, तुम्ही गणिताशी भांडताय," शिकवणाऱ्या कोम्ब्सबाई म्हणाल्या.

"गणिताशी नाही हो बाई, माझं भांडण दुसऱ्याच कुणाशी तरी आहे."

ड्रायर घरघरत असताना ती समीकरणं सोडवायची, चुकायची, हॉलिसला चार शिव्या घालून पुन्हा मांडायची. शेवटी सुटली. अगदी काठावर, पण सुटली.

तिकडे पदवीच्या चौकोनी टोप्या पोरं चमकी लावून सजवतात. वर गॅलरीत बसलेल्यांना त्या आरामात वाचता येतात. कुणी लिहितं 'थँक यू मॉम', कुणी बायबलमधलं वचन. व्हरलीनने इस्पितळाच्या जुन्या चादरीतून अक्षरं कापली आणि चिकटवली: 'आधी हॉलिस टॅकेटला पदवीधर केलं. आता ही माझी.'

"अगं, लाज नाही वाटत?" जुनीटा किंचाळली.

"वाटते ना. कुणाला वाटायला हवी तेही लोकांना कळू दे."

समारंभाला कॉलेजच्या जिमचा मोठा हॉल खचाखच भरला होता. "कुणाच्याही मदतीशिवाय," हॉलिस म्हणाला, आणि गॅलरीत कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणाऱ्याने शेजाऱ्याला खाली बसलेल्या व्हरलीनची टोपी दाखवली, शेजाऱ्याने पुढच्याला. हॉलिसला वाटलं, लोक खूश आहेत. म्हणून त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं. आता अख्खी गॅलरी खदखदली. पहिल्या रांगेतली त्याची दुसरी बायको तेवढी कशाला हसताहेत म्हणून मागे वळून बघत होती.

गॅलरीतल्या त्या गलक्यातच व्हरलीनचं नाव पुकारलं गेलं. तिने स्टेजवर जाऊन हात पुढे केला. "अभिनंदन, बाई," हॉलिस फोटोवाल्याकडे बघत म्हणाला. त्याने तिला ओळखलंसुद्धा नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चादरी पिळून पिळून घट्ट झालेल्या हाताने तिने त्याचा हात आवळून धरला आणि एखाद्या थोरामोठ्यापुढे वाकावं तशी त्याच्या नाकासमोर मान झुकवली.

त्याने वाचलं. तोंडावरचा रंगच उडाला. "व्हरलीन," तो कुजबुजला, "इथे नको. नंतर बोलू."

"काय बोलणार? बोलण्यासारखं तर काही उरलंच नव्हतं ना?"

तो हात सोडवू बघत होता, ती सोडत नव्हती.

"इकडे बघा!" फोटोवाला ओरडला.

व्हरलीनने मान फक्त कॅमेऱ्याकडे वळवली, वर उचलली नाही. फोटोत टोपी नीट यायला हवी होती.