रिसालदारासाठी अंथरलेली घोंगडी

मला घराबाहेर पडायला नुसतं निमित्त लागतं. या खेपेला ते दुधाचं निघालं.

आमचे आजोबा, रिसालदार गणपतराव, संस्थानाच्या फौजेत होते. साधा स्वार म्हणून लागले, रिसालदार होऊन बाहेर पडले. संस्थान गेलं तरी पेन्शन चालू, गावात सत्कार, बैठकीत तलवारीसकट फोटो. ब्याण्णव साली गेले. लहानपणी आम्हाला त्यांची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असे: डोंगरकडा गावाकडच्या माळावर, धनगरांच्या वस्तीत, पहाटे प्यायलेलं मेंढीचं दूध. "तसं दूध पुन्हा मिळालं नाही," इथं गोष्ट संपायची. पुढं काय झालं, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. यंदा, म्हणजे दोन हजार सहा साली, पोळ्याला सुट्ट्या जोडून आल्या. म्हटलं, ती वस्ती शोधू आणि ब्लॉगवर टाकू.

औरंगाबादहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटी. अर्धापूरच्या केळीच्या बागा बघून डोळे निवतात, रस्त्यानं मात्र हाडं खिळखिळी होतात. वारंगा फाट्यावर उतरलात तर खिचडी-कढी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. पंधरा रुपयांत पोट टम्म!

तिथंच समोर कोंडिबा नावाचे एक धनगर बसले होते. पन्नाशीचे, खांद्यावर घोंगडी, मेंढ्यांसाठी घेतलेली खड्या मिठाची पिशवी मांडीशी. मी आपला तोंडाचा पट्टा सोडला. घोड्यावरचा फौजी अंमलदार जिथं दूध प्यायला, अशी वस्ती माहीत आहे का, म्हणून विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"नाव सांगू नका," ते म्हणाले. "आज पोळ्याची कर हाय. बराबर दिवशी आलाव. चला."

काळीपिवळी जीपनं थोडं, मग चार-पाच किलोमीटर पायी. मी बडबडत होतो, ते फक्त "व्हय" म्हणत होते. पाण्याची बाटली आणि टोपी न्याच, माळावर सावली म्हणून नाही.

वस्ती पंधरा-वीस घरांची. ऐन दुपारी सगळी माणसं मेंढ्यांच्या दगडी वाड्यासमोर अर्धगोल बसलेली, लेकरंसुद्धा गप्प. वाड्यात दीडदोनशे मेंढ्या, पण सगळ्या अलीकडच्या अर्ध्यात दाटीवाटीनं. पलीकडच्या भिंतीकडं एकही नाही. कोंडिबांना विचारलं तर म्हणाले, आमी हाकलत न्हाई, त्याच जात न्हाईत.

मधोमध एक काळी घोंगडी अंथरलेली, शेजारी पाण्याचा तांब्या. दमलेला मी सरळ तिच्यावर बसायला निघालो, तर कोंडिबांनी माझा दंड धरला. समोर धोंडाबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मला पायापासून वर न्याहाळलं.

"घोडं कुठं बांधलंस?" त्यांनी विचारलं.

मी कसनुसा हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारा उठला आणि माळाकडं तोंड करून त्यानं आरोळी दिली. "रिसालदार गणपतराव, हाजीर हो!"

कोंडिबा कानाशी हळू आवाजात सांगत राहिले. धोंडाबाई तेव्हा नवी नवरी होत्या. दूध त्यांनीच दिलं होतं. रिसालदारानं तांब्या परत केला, मिशा पुसल्या आणि डोंगरात लपलेल्या बंडवाल्यांना भाकरी दिल्या म्हणून पाच जणांना त्या भिंतीशी उभं करून गोळ्या घालायला लावल्या. त्यात धोंडाबाईंचा नवरा आणि सासरा. कुणाला काही विचारलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. म्हणून वस्तीनं ठरवलं, आपण तसं करायचं नाही. समोरच्याचं ऐकल्याशिवाय न्याव नाही. दरसाल करीला घोंगडी अंथरायची, तीनदा पुकारा करायचा, कुणी आलं नाही की पुढची कर. तो मेला असला तर रक्तातलं कुणीही चालतं.

दुसरा पुकारा झाला. खोटं कशाला बोलू, मी पळायच्याच विचारात होतो. नाव तर मी सांगितलंच नव्हतं. पण धोंडाबाई माझ्याकडंच बघत होत्या, आणि पुढच्या करीला त्या असतील की नाही, देव जाणे. तिसऱ्या पुकाऱ्याला मी जाऊन घोंगडीवर बसलो. म्हणालो, मी त्यांचा नातू.

ओरडणं नाही, शिव्या नाहीत. तेच जास्त भयाण होतं. धोंडाबाईंनी एकच विचारलं. "त्यानं आमच्या माणसांची नावं घेतली का कधी, घरी?"

"नाही," मी म्हणालो. "दुधाचंच सांगायचे."

मग न्याव झाला: रिसालदाराच्या श्राद्धाला दरसाल आधी या पाच जणांची नावं घ्यायची, मगच त्याचं. मी एसटीच्या तिकिटामागं नावं लिहून घेतली. त्यांनी मला जेवू घातलं. जेवताना लाज वाटत होती. वस्तीचं नाव मुद्दामच देत नाही. हौसेनं बघायला जायची जागा नाही ती.

घरी आलो आणि गप्प बसलो. बाबा सत्तरीचे, त्यांना कसं सांगायचं? सांगू सांगू म्हणता पितृपक्ष उजाडला. आजोबांच्या तिथीला पान वाढलं, बाबांनी हातात पाणी घेतलं. म्हटलं, थांबा, आधी पाच नावं घ्यायची आहेत. "सटवा," म्हणालो, आणि पुढच्या नावासाठी पाकिटाकडं हात नेला.

बाबांनी डोळे मिटले.

"हैबती, लिंबाजी, राणोजी, म्हाळू," ते म्हणाले. त्याच क्रमानं.

तिकीट माझ्या पाकिटात होतं. मी ते कुणालाच दाखवलं नव्हतं. बाबांनी पाणी सोडलं, मग सांगितलं: आजोबा शेवटच्या वर्षी रोज दुपारी ही नावं घ्यायचे. मी त्या वेळी शाळेत असल्यानं माझ्या कानावर ती कधी आली नव्हती. म्हणजे धोंडाबाईंना मी चुकीचं उत्तर देऊन आलो होतो. वस्तीत काय झालं, ते मी तेव्हा सगळं सांगितलं. घोंगडीचं सांगितलं तेव्हा बाबांनी मान खाली घातली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "वस्तीनं पाच नावांसकट बोलावणं धाडलं होतं, तुझे आजोबा गेले नाहीत. तिथं बसायला मी पाहिजे होतो."