बोर्लीच्या तळ्यातलं देवभात

गव्हावरच्या तांबेरा रोगापायी माझी सहा वर्षं गेली. रानगवतांशी गव्हाचा संकर करायचा, गवताचा चिवटपणा गव्हात उतरवायचा, हे आमच्या शेतीकेंद्राचं काम. त्यात जरा यश आलं, तर साहेबांनी मला भाताच्या करपा रोगावर ढकललं. म्हणाले, "भातालाही त्याच्या रानटी भावकीतलं कोणीतरी शोधा. यंदा बी मिळालं नाही, तर हे काम बंद."

भाताची रानटी भावकी म्हणजे देवभात, तळ्यात न पेरता उगवणारं, लांब कुसळांचं. बोर्ली पंचतनला ते आहे असं कळलं आणि दसरा होताच मी वळकटी घेऊन भाऊच्या धक्क्यावर हजर झालो.

तिकडे जायचं असेल, तर पावसाळ्यात बेत करू नका, बोटी बंद असतात. डेकचं तिकीट सव्वा रुपया. सोबत लिंबू ठेवा. मी शहाणा, ठेवलं नव्हतं. मांडवा मागे पडतो न पडतो तोच सकाळचा चहा समुद्राला अर्पण झाला. शेजारी बोर्लीचे सुपारीचे व्यापारी इब्राहिमभाई होते. पाठ चोळत म्हणाले, "घाबरू नका मास्तर, पहिल्या सफरीत दर्या सगळ्यांनाच असा सलाम करायला लावतो." मी मास्तर नव्हे, पण वाद घालायला तोंड मोकळं कुठे होतं! कशासाठी निघालोय ते ऐकल्यावर मात्र ते थक्क झाले. "गवतासाठी एवढी तकलीफ? या अल्ला!"

दिघीला बोट किनाऱ्याला लागत नाही. होडीत उतरायचं आणि जोडे हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चालायचं. पुढे बैलगाडी. इब्राहिमभाईंनी मला आपल्याच गाडीत घेतलं आणि घरी ओसरीवर पथारी दिली. त्या रात्री तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण असं चापलं, की बोटीतला मी तो हाच का, अशी शंका यावी.

सकाळी तळं गाठलं. देवभात होतं! कडेकडेनं नुसतं दाटलं होतं आणि एकाही पातीवर करप्याचा ठिपका नव्हता. मला नाचावंसं वाटलं. कमरेएवढ्या पाण्यात एक कुळवाडी बाई उभी होती. पारूबाई तिचं नाव. हिरव्या लोंब्यांच्या, न कापता उभ्याच, जुड्या करून ती गवताच्या काडीनं बांधत होती. नवस असेल, असं मला वाटलं. मी एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि ठरवून टाकलं, "अजून दोन दिवस लागतील."

"दोन दिस? उद्याचा बी भरवसा न्हाय, सायब."

"बाई, पिकं बघण्यात जन्म चाललाय माझा."

आणि मी चक्क दिवेआगरचा किनारा बघायला गेलो. किनारा सुंदर आहे, जरूर बघा. मला मात्र तो भलताच महाग पडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला. तळ्यावर पोचलो तर लोंब्या रिकाम्या! दाणा सगळा पाण्यात, चिखलात. मी बांधावर मटकन बसलो. रडूच फुटायचं बाकी होतं.

पारूबाई टोपली घेऊन आली. "ह्यो काय गहू हाय व्हय, तुमची वाट बघत उभा ऱ्हायला? पिकला का सांडला. म्हनून आदी बांदायचं."

टोपलीत तिच्या बांधलेल्या जुड्या होत्या, दाण्यांनी भरलेल्या. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून पाच घरच्या बायकांसाठी ती हे वर्षभर जपून ठेवते. मी हात जोडून ओंजळभर मागितलं.

"नांगराखाली घालनार?"

"नाही. कुंड्यांत लावीन, माती माझ्या हातांनी उकरीन. आणि पिकलं की तुमचं माप तुम्हाला परत."

तिनं माझ्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग ओंजळ भरून दिली. "पन बांदायला इसरू नका."

केंद्रावर परतून शब्द पाळला. कुंड्यांत हातानं माती भुसभुशीत करणारा मी, साहेबांना हसायला आयता विषय मिळाला. संकर केला तर बहुतेक टरफलं पोकळ, जेमतेम अकरा दाणे भरले. देवभाताचं माप इब्राहिमभाईंकडे पाठवलं. त्यांचं कार्ड आलं: 'पारूबाईला माप पोचलं. विचारते, बांधलं का?'

यंदाच्या आश्विनात आमचे वाफे करप्यानं जळाल्यासारखे दिसतात. त्यांच्या मधोमध त्या अकरा दाण्यांतून तगलेली संकराची नऊ रोपं उभी आहेत, हिरवीगार. साहेब परवा आले, टोपी काढून कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. हसले नाहीत. मग एक लोंबी चिमटीत धरून म्हणाले, "अजून हिरवी आहे. दोन दिवसांनी काढू."

मी खिशातून दोरा काढला आणि त्यांच्यादेखत बांधायला बसलो.